रुमाल आहे म्हणजे माणूस आहे

निमगाव केतकी
दि. १८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

फुलाबाईस वहिदाचा सलाम.

तू बरी असशील, अप्पांचा गुडघा दुखायचा थांबला असेल, दोडक्याला बरा भाव मिळत असेल. आमच्याकडं सगळं ठीक. रसूलचं बांगड्यांचं पाल बाजारात आहे तिथंच आहे. तू मात्र आपलं पोतं उचललंस आणि पार नळापाशी जाऊन बसलीस. बारा वर्षं शेजारी बसलो गं आपण. मागच्या बाजारात मी हाक मारली तर तोंड फिरवून वांगी निवडायला लागलीस. निवडलेलीच वांगी परत निवडत होतीस, मला दिसत होतं.

फोन लावला तर अप्पा उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून हे पत्र. दहावीनंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय, म्हणून शाळेतल्यासारखं 'आहे-नाही' लिहिलंय, हसू नको. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे तुझी पोरगी छकुलीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. छकुले, गुमान वाच. मधलं काही गाळायचं नाही. तुझ्याबद्दल आलं तरी गाळायचं नाही आणि माझ्याबद्दल आलं तर मुळीच नाही.

आधी बसचं सांगते. कारण फुलाबाई, तू पोरीला रोज फाट्यावर सोडलंस, पण ती बस आतून कधी बघितली नाहीस. बारामतीच्या कॉलेजच्या जाहिरातीत तिला 'कोच' म्हणतात. पडदे, एसी, मऊमऊ सीटा. कोच म्हणे! एसीच्या जाळीतून गार वारा येत नाही, झुरळं येतात. मागचा दरवाजा सुतळीनं बांधलाय. सीटांखाली मावा थुंकून थुंकून असा थर बसलाय की मी तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडते. ही शिकायला निघालेली पोरं! परवा एक पोरगी ओकली, तर बाकीचे नाक धरून व्हिडिओ काढत बसले. एकानंही पाण्याची बाटली पुढं केली नाही. "मावशी, पुसा की." मावशी कशाला ठेवलीय? पुसायलाच. शी! दोन वर्षं झाली, घरी आल्यावर साबणानं तीन-तीनदा हात धुते, तरी वास जात नाही. रसूल म्हणतो, "वास तुझ्या नाकात हाय, हातात न्हाय."

पुसण्याशिवाय माझं दुसरं काम म्हणजे मोजणं. पोरी बसल्या की वहीत एकेकीच्या नावापुढं खूण करायची, मग बस हलवायची, असा कॉलेजचा नियम. पण सीटा बावन्न आणि पोरं ऐंशी. संध्याकाळची बस चारलाच कॉलेजच्या माळावर येऊन लागते, कॉलेज पाचला सुटतं. मधल्या सुट्टीत सगळी येतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि परत वर्गात पळतात. तुला काय सांगायचं, तू स्वतः एसटीच्या खिडकीतून मेथीची जुडी टाकून जागा धरलेली आहेस. पाचला जी झुंबड उडते तिच्यात डोकी मोजणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून मी साडेचारलाच रुमाल मोजायचे आणि खुणा करून मोकळी व्हायचे. कुणाचा रुमाल कुठला, मला तोंडपाठ. हे मला आमच्या ड्रायव्हरनं शिकवलं, म्हस्कूतात्यानं. त्याची सगळी नोकरी एसटीत गेली. म्हणायचा, "रुमाल हाय म्हंजी माणूस हाय, वहिदाबाई. धरल्याली जागा सोडून कोण जातंय?"

आणि छकुलीचा रुमाल तर मी अंधारात ओळखेन. पिवळा, कोपऱ्यात तू लाल दोऱ्यानं भरलेली मिरची. आठवतं का, मी पालात बसून हसले होते, म्हटलं अगं पोरीच्या रुमालावर फूल भरायचं, मिरची कसली भरतीस? तू म्हणालीस, "मला मिरचीच येती."

गणपतीच्या आधल्या आठवड्यातला मंगळवार. माझ्या अनिसाला ताप होता, ती घरी होती. ती बसमध्ये असती तर छकुली नाही म्हणून ओरडली असती. पिवळा रुमाल तिसऱ्या सीटवर होता. मी वहीत छकुलीच्या 'राजनंदिनी' या नावापुढं खूण केली. पाचला झुंबड उडाली, सव्वापाचला तात्यानं गाडी काढली. छकुलीचं प्रॅक्टिकल लांबलं होतं, हे मला कुठलं ठाऊक?

त्यानंतरचं तिनं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ते खोटं मानलंत. फुलाबाई, ते सगळं खरं आहे. ती बाहेर आली तर बस गेलेली, मोबाइल बंद पडलेला, माळावर चिटपाखरू नाही. बिचारी चालत निघाली. एमआयडीसीच्या कोपऱ्यावर तिच्या वर्गातला अविराज भेटला. त्यानं गाडीवर बसवलं आणि नीट कळंबच्या फाट्यावर आणून सोडलं. बस्स. एवढंच घडलं. आणि तुमच्या फाट्यावर दिवसभर माशा मारत बसणारे जे बापये आहेत, त्यांना समोर म्हैस मेली तरी दिसत नाही, पण पोरगी कुणाच्या गाडीवरून उतरली हे बरोब्बर दिसतं. त्यांचं तोंड आणि आमच्या बसची मागची सीट, दोन्ही सारखीच घाण. खरवडायला एकच पत्रा पुरेल.

अप्पा कॉलेजात भांडायला गेले ते रास्तच होतं. "माझी पोरगी मागं ठिवून गाडी गेलीच कशी?" त्यावर कॉलेजनं त्यांना सोमवारी परत बोलावून कागद दाखवला. विद्यार्थिनी बसमध्ये बसली होती. एमआयडीसीजवळ स्वतःच्या मर्जीनं उतरली. उतरू नको म्हटलं तरी ऐकलं नाही. सोबत पुरावा म्हणून वहीतली खूण. अप्पा मान खाली घालून परत आले आणि छकुलीचं कॉलेज कायमचं बंद झालं.

कॉलेजनं दाखवला, असं लिहिलं ना मी? बघ, अजून हात वाकडाच चालतो. कागद माझा होता. खाली सही माझी.

ते कसं झालं ते ऐक. त्या आठवड्यातल्या शनिवारी वाहतुकीच्या साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, मला खुर्ची दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा खुर्ची, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कागद आधीच छापून तयार.

म्हणाला, "मावशी, वहीत खूण आहे ना? मग ती बसमध्ये होती. का तुमची खूण खोटी?"

म्हटलं, "सायेब, खूण रुमालाची हाय."

"रुमालबिमाल कागदावर येत नाही. मुलीला मागं ठेवून गाडी गेली असं बाहेर गेलं तर कॉलेजचं नाव जाईल. जरा ॲडजस्ट करा. तुमची अनिसा आपल्याच बसनं येते ना, पासाशिवाय?"

बोलता बोलता तो चहात बिस्कीट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं. त्यानं बोट घालून ते बाहेर काढलं, चाटूनपुसून खाल्लं, आणि तेच ओलं बोट कागदावर टेकवून म्हणाला, "इथं." माझ्या सहीशेजारी त्या बोटाचा डाग आहे. मला सारखा तोच दिसतो.

मी सही केली. अनिसाची बसमधली जागा राहावी म्हणून तुझ्या पोरीची घालवली. बाहेर आले तर म्हस्कूतात्यानं हात वर केले. "माजं काम ष्टेरिंगचं. मोजायचं काम तुजं." रुमालाचा धडा देणारा हाच. पण त्याला तरी काय बोलू, पेन माझ्या हातात होतं.

इथं थांबावं असं वाटतंय. चूक झाली, दबाव आला, सही केली. इतकं ऐकून तू मला माफही केलं असतंस, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. म्हणून थांबत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी निमगावात गाडी रिकामी झाल्यावर मी झाडायला लागले, तर तिसऱ्या सीटखाली तो रुमाल सापडला. कुठल्या तरी हरामखोरानं त्याच्यानं बूट पुसून खाली टाकला होता. रुमाल आहे आणि पोरगी रुमाल न घेताच उतरली, असं कधी होईल का? आईनं भरलेली मिरची ती सोडून जाईल का? मला तिथंच, गाडीत उभ्या उभ्या कळलं की छकुली चढलीच नव्हती. तेव्हा तुला फोन करायला पाहिजे होता. नाही केला. म्हटलं पोहोचली असेल, उद्या विचारू. उद्या ती आली नाही. मी रुमाल धुतला, इस्त्री केली, पिशवीत ठेवला. शनिवारी केबिनमध्ये पेन काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला आधी रुमालच लागला. तो बाजूला सारला आणि पेन काढलं.

ऐकलंस का फुलाबाई? मला माहीत होतं.

परवा अनिसाच्या हाती ती पिशवी लागली. रुमाल हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अम्मी, तू छकुलीला त्या दिवशी बसमदी बगितलंस?"

म्हटलं, "रुमाल बगितला."

"मी रुमालाचं न्हाय इचारलं."

तेव्हापासून ती एसटीनं उभी जाते. माझ्या हातची भाकरी खात नाही, स्वतः थापून घेते. काल विचारलं तर म्हणाली, "तुज्या हाताला वास येतोय." रसूल दोन वर्षं म्हणत होता वास हातात नाही. होता. शिसारी येते मला माझी.

आज सकाळी मी कॉलेजात जाऊन लिहून दिलं की आधीचा कागद खोटा आहे. साहेब म्हणाला, "मावशी, डोकं फिरलं का?" म्हटलं, फिरलेलं होतं, आता सरळ झालंय. पोच घेतल्याशिवाय हलले नाही. शिक्का मारलेली नक्कल या पत्रासोबत आहे. उद्यापासून बसवर दुसरी मावशी येईल. येऊ दे. त्या पुसण्यातून सुटले.

आता तुझ्यावरचा रागही सांगून टाकते. पोरगी तुझ्या पोटची. तिनं रडत सांगितलं तरी तुम्ही माझी सही खरी धरलीत? पंधरवडा संपला की तिला बघायला पाहुणे येणार, असं बाजारात ऐकलं. एका ओल्या बोटाच्या कागदावर पोरीचं लग्न ठरवता? तू आयुष्यभर अंगठा दिलास, पण एकदाही खोट्यावर नाही दिलास. माझी दहावीची सही काय चाटायची?

छकुले, आवाज बारीक झाला असेल तर पाणी पी. अप्पा दारात असतील तर पुढचं मोठ्यानं वाच. राजनंदिनी त्या मंगळवारी बसमध्ये बसली नव्हती. मी तिला बघितलं नाही. ती कुठंही उतरली नाही, कारण ती चढलीच नव्हती. खोटं मी बोलले, पोरगी नाही. अप्पांनी ऐकलं नसेल तर परत वाच.

येत्या शनिवारी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे, हे अनिसाकडून कळलं. मी आणि अनिसा सकाळच्या एसटीनं निमगावातून निघतोय. छकुले, तुझा रुमाल पत्रात घालून रसूलच्या हाती परत पाठवतेय, डाग सगळा गेलेला नाही. त्यानं जागा धरायची नाही आता. तुझी जागा मी स्वतः बसून धरेन आणि कळंबच्या फाट्यावर उठेन. तू चढलीस तर बस. नाही चढलीस तर बारामतीपर्यंत मी त्या जागेशेजारी उभी राहीन, पण तिथं कुणाला टेकू देणार नाही.

फुलाबाई, अप्पा नको म्हणाले तरी तू पोरीला घेऊन फाट्यावर ये. माझ्याशी बोलू नकोस, चालेल.

कुणी बोट न टेकवता, सगळं वाचून सही करतेय,

वहिदा रसूल मणेर