घरच्या डिस्कवरचं लेबल

२ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. उद्या कुणी विचारलं, हे सगळं कसं उभं केलंत, तर आठवत बसायला नको.

सध्याची परिस्थिती. लॅपटॉप जुना, पण स्वतःचा. विंडोज काढून टाकलं, कारण ते सगळेच वापरतात. आता लिनक्स. लिनक्स एकच नसतं हे लोकांना माहीत नाही. ढीगभर प्रकार आहेत, एकेका प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. उन्हाळ्यापासून मी उबुंटू, मिंट, फेडोरा आणि पुन्हा मिंट करून बघितलं. मनासारखी एकही नाही. म्हणून स्वतःची काढायची ठरवलंय. नाव ठरलं की बाकीचं होतंच.

मग ही शहरातली लॉन्ड्रीची नोकरी सोडून घरी परत. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. अर्धं काउंटर त्यांचं, अर्धं माझं. एकीकडे मशीन, एकीकडे कॉम्प्युटर. बाबांना अजून सांगितलं नाही. एकदम सांगू. दुकान कुठे पळून जातंय?

शाळा नववीत सुटली त्याने काही अडलं नाही. कमांड लिहायचं टर्मिनल मार्कशीट मागत नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

ताईने डिस्क पाठवली. आमच्या लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला सुट्टीवरून परत आला, त्याच्यासोबत. काळी, पाकिटाएवढी. तिच्यात ताईच्या लग्नाचा सगळा व्हिडिओ आहे.

लग्नाला मला जाता आलं नाही. रजेचा प्रॉब्लेम. म्हणजे मुकादमाला विचारलं असतं तर त्याने दिली असती बहुतेक, पण तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. शर्ट मात्र पाठवला होता बाबांना. तपकिरी चौकडीचा. साइज अंदाजाने. घातला की नाही माहीत नाही. ते जन्मभर पांढराच घालतात. व्हिडिओत दिसेल.

आज बघणार नाही. बहिणीचं लग्न एकदाच होतं, ते अडकत अडकत बघायचं नाही. आधी लॅपटॉप नीट सेट करतो. रविवारी नक्की.

९ ऑगस्ट, रविवार, रात्र

ताईचा फोन. बघितलंस का म्हणाली. हो म्हणालो. तिचा हिरमोड कशाला करायचा, आज बघणारच होतो. कसं वाटलं विचारलं. छान म्हणालो, जेवण पण चांगलं दिसत होतं. ती म्हणाली जेवण कुठे दिसलं तुला, व्हिडिओवाला तेव्हा स्वतःच जेवत होता. मागे दिसत होतं म्हणालो. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

संध्याकाळी ग्रुपवर वाद. आमचा ग्रुप आहे, पेंग्विन कट्टा, लिनक्सवाल्यांचा. कुणी कुणाला प्रत्यक्ष बघितलेलं नाही. एकाच्या फोटोत नुसती दाढी आहे, म्हणून तो दाढी. तो आर्च ही सगळ्यात अवघड डिस्ट्रो वापरतो, आणि हे त्याला न विचारता कळतं. मला म्हणाला मिंट म्हणजे दुधाचे दात. दुसरे मास्तर. कुठेतरी कॉम्प्युटर शिकवतात. ते म्हणाले जी चालते ती ठेव आणि कामाला लाग. मास्तरांना काम असतं म्हणून ते असं म्हणतात.

वादाच्या नादात व्हिडिओ राहिला.

१२ ऑगस्ट, बुधवार

कामावर बोलणी खाल्ली. गाडीतून कपड्यांची पोती येतात, दवाखान्याची आणि हॉटेलची. पोत्याला मालकाचा टॅग शिवलेला असतो. रोज दवाखान्याचं पोतं पहिलं येतं. आज ड्रायव्हरने गाडी उलटी भरली होती. मी सवयीने पहिलं पोतं दवाखान्याच्या मशीनमध्ये टाकलं. हॉटेलचे टेबलक्लॉथ ऑपरेशनच्या गाऊनसोबत धुऊन निघाले. आता ते हिरवट आहेत. मुकादम म्हणाला पोतं कितवं आलं ते बघू नको, टॅग बघ, रांग रोज बदलते. मी मान हलवली. माझं डोकं दुसरीकडे होतं.

डोकं इथे होतं: लिनक्स डिस्कला अक्षरं देतं. पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. लॅपटॉपच्या आतली ए. नवी डिस्ट्रो टाकायला जो पेन ड्राइव्ह लागतो तो बी. घरची डिस्क सी. माणूस गोंधळू शकतो. म्हणून मी कागदाची लेबलं कापून चिकटवली. पेन ड्राइव्हवर बी, घरच्या डिस्कवर सी. वरून सेलोटेप. ग्रुपवर फोटो टाकला.

दाढी बराच वेळ हसण्याची चित्रंच पाठवत होता. मास्तरांनी लिहिलं, बाळा, ही नावं डिस्कची नाहीत, रांगेतल्या जागेची आहेत. मशीन सुरू होताना जी आधी हजर होईल तिला आधीचं अक्षर. प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचा स्वतःचा नंबर असतो, लेबल लावायचंच तर त्याचं लाव.

नंबर बघितला. मालगाडीएवढा लांब. एवढा कोण लिहीत बसणार? शिवाय लेबलं चिकटवून झाली होती.

१६ ऑगस्ट, रविवार

आज व्हिडिओ लावायला बसलोच होतो. डिस्क जोडली, फोल्डर दिसला. "लग्न" असं नाव. त्यात एक वेगळी फाइल, "बाबा" नावाची. म्हटलं सुरुवात लग्नापासून करू. तेवढ्यात अपडेट आलं. अपडेट सोडून काही करणं बरं नाही. ते संपेपर्यंत भूक लागली.

ताईचा फोन. आवाज जरा वेगळा होता. बाबांचं बघितलंस का म्हणाली, ते वाट बघताहेत, त्यांना काय सांगू. बाबा कॅमेऱ्यासमोर काय बोलणार, नीट राहा, तब्येत सांभाळ. म्हणालो, बघितलं, एकदम पटलं, बाबा म्हणतील तसंच करा.  नक्की ना म्हणाली. शंभर टक्के म्हणालो.

घरच्यांना थोडक्यात खूश ठेवता येतं, फक्त जमायला पाहिजे.

२३ ऑगस्ट, रविवार, सकाळ

निर्णय झाला. डेबियन. मोठमोठ्या डिस्ट्रो डेबियनवरच उभ्या आहेत. माझी पण तिच्यावरच उभी राहील. आजचा दिवस इतिहासात जाणार, म्हणून वेळ लिहून ठेवतो. पण घड्याळ पण अपडेट मागतंय. सकाळ.

२३ ऑगस्ट, दुपार

डेबियन बी वर लिहिलं. कमांड द्यायची, ती काही विचारत नाही, लिहीत सुटते. पेन ड्राइव्हला नेहमी बराच वेळ लागतो, आज चहा व्हायच्या आत झालं. डेबियन खरंच फास्ट आहे.

पण मग पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तर समोर जुनं मिंटच. पेन ड्राइव्ह खराब झालेला दिसतो. हल्ली वस्तूंमध्ये दम राहिला नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

पेन ड्राइव्ह खराब नाही.

काल डेबियन लिहायच्या आधी मशीन रीस्टार्ट केलं तेव्हा पेन ड्राइव्ह आणि घरची डिस्क दोन्ही जोडलेल्या होत्या. घरची डिस्क आधी हजर झाली. तिला बी मिळालं. लेबलावर सी होतं, सेलोटेप पण व्यवस्थित होती. त्याचा उपयोग झाला नाही.

घरची डिस्क उघडली. लग्न नावाचा फोल्डर नाही. बाबा नावाची फाइल नाही. डेबियन आहे. चांगलं लिहिलं गेलंय.

रडू येईल असं वाटलं. थांबलो जरा. नाही आलं. भांडी घासली.

२६ ऑगस्ट, बुधवार

ग्रुपवर विचारलं. एका मित्राचं असं झालंय म्हणून. दाढीने विचारलं मित्राने पण लेबलं लावली होती का. 

मास्तरांनी वेगळा मेसेज केला. मित्राला सांग, म्हणाले, त्या डिस्कला हात लावू नकोस. डेबियन पुढच्या थोड्याशा जागेत बसलंय, मागचं बरंचसं अजून तसंच असेल. शोधून काढणारा प्रोग्रॅम असतो, मी सोबत बसतो, रविवारी फोन कर. पण तोवर तिच्यावर एक अक्षर लिहू नकोस.

मास्तर चांगले आहेत. रविवारी फोन करायचा. पक्कं.

३० ऑगस्ट, रविवार

फोन करायचा होता. पण मास्तरांनी डिस्क कुणाची विचारलं असतं, त्यात काय होतं विचारलं असतं. मग बघितलं नव्हतं का, हे पण विचारलं असतं. सुट्टीच्या दिवशी एवढं कोण बोलणार?

तसं लग्न बघून झालेलंच आहे. म्हणजे ताईच्या हिशोबाने.

रिकामी डिस्क नुसती पडून होती. आजवर गोळा केलेल्या सगळ्या डिस्ट्रो तिच्यावर टाकल्या. काठोकाठ भरली. आता एका जागी सगळं आहे. लेबल काढून नवं लावलं. या वेळी अक्षर नाही, सरळ नाव. "डिस्ट्रो". माणूस चुकांतून शिकतो.

६ सप्टेंबर, रविवार

भावोजींचा फोन. ताईच्या नवऱ्याशी आजवर मी दोनच वाक्यं बोललो असेन. आज ते बोलतच सुटले. तुमचा मोठेपणा म्हणाले. मला अहो-जाहो कधीपासून कळेना. म्हणाले सख्खा मुलगा असताना जावयाला दुकान देणं सोपं नसतं, तुम्ही एका शब्दात हो म्हणालात. मी हो हो म्हणालो. कुठलं दुकान हे विचारणं बरं दिसलं नसतं. दुकान एकच आहे.

मग ताईने फोन घेतला. तिला म्हटलं बाबा नेमकं काय म्हणाले होते, शब्द आठवत नाहीत. तिने पाठ असल्यासारखं सांगितलं.

"दुकान तुझं आहे. तू येणार असशील तर पाच वर्षं पण थांबतो. नसशील तर जावईबापूंना देतो. घाई नाही. बघून सांग."

म्हणाली तू एकदम पटलं म्हणालास तेव्हा मी पुन्हा फोन करून विचारणार होते. बाबा नको म्हणाले, त्याला मोकळं राहू दे. मग विचारलं की व्हिडिओ अजून आहे ना तुझ्याकडे, की परत पाठवू, इथे आमच्याकडे आहेच सगळं.

नको म्हणालो. आहे माझ्याकडे.

जेवलो. कपडे वाळत घातले.

८ सप्टेंबर, मंगळवार

डबा खायच्या सुट्टीत फोन वाजला. बाबा. ते स्वतःहून फोन करत नाहीत. आधी हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, ते तू नीट बघितलंस ना?

इथे सांगता आलं असतं. दुकानाचं, अर्ध्या काउंटरचं, सगळंच. तोंडापर्यंत आलं होतं. पण मागे मुकादम उभा होता आणि ड्रायर सुरू होते. हो म्हणालो, नीट बघितलं.

"मग मी शर्ट कुठला घातला होता, सांग."

"पांढरा."

त्यांच्या बाजूला कुणीतरी शिलाई मशीनचं चाक फिरवून बघत होतं. टकटक येत होती. चाक थांबलं.

"हो," म्हणाले. "पांढराच."

मग म्हणाले नीट राहा, तब्येत सांभाळ. अगदी मी म्हटलं होतं तसंच.

सुटलो. अंदाज बरोबर निघाला. माणूस ओळखता यायला लागतो.

१३ सप्टेंबर, रविवार

डिस्ट्रोचं काम तात्पुरतं थांबवलं. पुन्हा मिंट टाकलं. चालतं बऱ्यापैकी. मास्तरांना तसं कळवलं. ते छान म्हणाले, आणि मित्राच्या डिस्कचं काय झालं विचारलं. मित्राशी हल्ली बोलणं नाही म्हणालो.

ताईने फोटो पाठवला. दुकानाला नवी पाटी लागली. भावोजी शिडीवर आहेत, बाबा खाली शिडी धरून उभे. ताईने खाली लिहिलंय, लग्नात घातला तेव्हापासून अंगातून काढतच नाहीत, धुवायला मागितला तरी कुरकुर.

तपकिरी चौकडीचा आहे.

फोटो मोठा करून बघितला. खांदे बरोबर बसलेत, बाह्या बरोबर आहेत. साइज अंदाजाने घेतला होता, पण बरोबर निघाला. कपड्यांच्या बाबतीत माझं सहसा चुकत नाही.