दाक्षीची दीक्षा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

देव म्हणजे काय, हे दाक्षीला कसं सांगायचं? मला माहीत नाही.

शिवरात्रीला मैंदर्गीच्या मठात आम्हा दोघी बहिणींची लिंगदीक्षा आहे. माझी कॉलेजपायी राहून गेली. आता स्थळं बघताहेत, लग्नाआधी व्हायलाच हवी. दाक्षी चौदाची. तिला ऑटिझम आहे, बोलत नाही. मठाचे गुरू, अय्या, कानात मंत्र सांगतात, तो आपण तोंडानं म्हणायचा, मग ते गळ्यात लिंग बांधतात. आमची आई, अव्वा, म्हणते, ‘घरात तूच शिकलेली हायस, तूच शिकव तिला.’

शिकवीन!

५ फेब्रुवारी

शाळेतल्या बाईंनी दाक्षीला चित्रांची कार्डं दिली आहेत — पाणी, भूक, ‘पंखा बंद कर’. मी देवाचं कार्ड करायला बसले. काय काढायचं? शेवटी पिंड काढली. दाक्षीनं नीट बघितली आणि पाण्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. तहान लागली होती तिला.

९ फेब्रुवारी, रविवार

अय्या घरी आले होते. दाक्षी बोलत नाही, मंत्र म्हणणार नाही, हे मी सांगून टाकलं.

‘बोलतच न्हाय तर दीक्षा कशी देऊ, पोरी? मंत्र तोंडातनं यायला पायजे. थोरलीला देऊ की.’

आत्या लगेच — ‘एवढी बी.ए. झालीस, बोलती कर की तिला!’

मी तोंड उघडणार तोच अव्वा म्हणाली, ‘सुम्निरु.’ बसले गप्प. अय्या वाईट नाहीत. दाक्षीला खडीसाखर आणली होती. तरी राग आला.

१० फेब्रुवारी

सकाळी अव्वा लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याकडे टक लावून बसते. दाक्षी शेजारी. एरवी तिचे हात सारखे हलतात, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. तेव्हा मात्र हात मांडीवर, नजर तळहातावर. अव्वा उठली तरी ही बसलेलीच.

अव्वाला विचारलं, ‘बघताना मनात काय म्हणतेस?’

‘काय म्हणायचं? मंत्र म्हणून झाला की नुसतं बघायचं.’

दाक्षीला त्यात काय दिसतं? ठाऊक नाही. पण अय्यांना तरी कुठं ठाऊक आहे?

१८ फेब्रुवारी

बी.ए.ला देवाच्या व्याख्या लिहून मी चांगले मार्क मिळवले. मंत्र तर लहानपणापासून पाठ. त्यातून देव कळला? खरं लिहायचं तर — नाही. शब्द म्हणता येतात, एवढंच. आणि तेवढ्यावर मला लिंग मिळणार!

२५ फेब्रुवारी

उद्या दीक्षा. माझी एकटीची. दाक्षी नुसती बघायला येणार. तिला नगारा सोसत नाही म्हणून नव्या पेठेतून कान झाकणारे हेडफोन आणले. अव्वानं माझी साडी तीनदा घडी मोडून बघितली. लई खूश आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अय्यांनी कानात मंत्र सांगितला. ‘म्हण.’ मी ओठ मिटून बसले. पुन्हा सांगितला. मागून आत्या — ‘अगं, विसरलीस काय?’ मी मान हलवली — नाही. अय्यांनी लिंग परत तबकात ठेवलं.

मी उठले आणि दाक्षीशेजारी जाऊन बसले.