पडद्याआडचे सतरा सेकंद

प्रिय आसावरी,

एकाच शहरात, व्हाइटफील्ड ते बनशंकरी एवढ्याशा अंतरात पत्र कसलं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू नुसतं "हं, बोल" म्हणालीस तरी मला जे बोलायचं असतं त्यातलं निम्मं घशातच राहतं. शाळेत होतो तेव्हापासूनचं आहे हे. कागदावर निदान तू मधे बोलत नाहीस. सिस्टर अगाथांनी गिरवून घेतलेलं अक्षर अजून शाबूत आहे, समासही सोडलाय, बघ.

ऑगस्टमधे तू आठ दिवस राहून गेलीस, त्यानंतर आमची मागची खोली आहे तशीच आहे. खिडकीला चिकटवलेला काळा कागद, दाराचा जुना पडदा, खुर्ची. कावेरी अजून त्या खोलीत केर काढायला जात नाही, झाडू उंबऱ्यावर ठेवून परत फिरते. तांदळाच्या डब्यातून वर आलेल्या हाताचा माझा फोटो मी तिला हौसेने दाखवला होता, तेव्हापासून तिने आमचे तांदूळ निवडणंही सोडलंय. अक्का, स्वल्प भीती वाटते, म्हणते. मधुकरचं म्हणणं, लोकांच्या बायका या वयात भजनाला जातात आणि आमची भूत होते. म्हणेना का. त्याने निवृत्तीनंतर घेतलेला कॅमेरा दोन महिन्यांत कपाटात गेला होता, तो मी बाहेर काढला आणि चार वर्षं त्याच्याशी झटले. काळ्या कापडापुढे काळी साडी नेसून नुसता तरंगता हात. मच्छरदाणीतून येणारी बाई. आणि आरपार दिसणारं भूत, ते सगळ्यांत अवघड. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवायची, माणसाने निम्मा वेळ बसायचं आणि मग चौकटीतून निघून जायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. आयुष्यात माझं एकटीचं म्हणावं असं एवढंच होतं.

आणि तू आल्या दिवशीच माझा सगळा अल्बम चाळलास आणि मला सर्वांत आवडणाऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणालीस, "यात तू घाबरवायला बघतेयस, हेमा." मी हसले आणि कुकर लावायला आत गेले. कुकरमधे पाणी घालायला विसरले, ते तुझ्यामुळे. कारण तू म्हणालीस ते खरं होतं, आणि मला ते चार वर्षांत दिसलं नव्हतं.

तुला आठवतं, सातवीत नाताळच्या नाटकात तू मेरी झालीस? ते संवाद मला तुझ्याआधी पाठ होते. पण तुझे डोळे मोठे, म्हणून निळी ओढणी तुला आणि मी पडद्यामागे, चुकलं तर सांगायला. तू तीनदा अडखळलीस, तीनदा मी सांगितलं. टाळ्या तुला पडल्या. घरी जाताना माझीच आई वाटभर म्हणत होती, आसावरी काय गोड दिसत होती गं. पन्नास वर्षं होत आली, पण ते वाक्य मला त्या रस्त्याच्या वळणासकट आठवतं. पुढे चित्रकलेचं पदक तुला, गिरीराजभावोजींसारखा गाणारा, हसणारा नवरा तुला. हे असं ओळीने मांडलेलं बघून माझीच मला लाज वाटतेय, तरी खोडत नाही.

याहून वाईट सांगते. मार्चमधे भावोजी गेले तेव्हा मी तुझ्यासाठी मनापासून रडले. पण तू इथे आल्यावर तुझ्या दुःखाचाही मला हेवा वाटला. ज्या मधुकरला चाळीस वर्षांत डिकॉक्शनचं भांडं कुठे असतं ते ठाऊक नव्हतं, तो रोज सकाळी तुझ्यासाठी कॉफी करायचा, आणि तू बोलायला लागलीस की पेपर बाजूला ठेवायचा. माझी आई गेली तेव्हा त्याने पेपर ठेवला होता का, ते मी त्या आठ दिवसांत पुष्कळदा आठवून पाहिलं.

मग तो शुक्रवार. भर दुपारी तीन वाजता आपण खोली अंधारी केली. कोपऱ्यात मिणमिणता दिवा, स्टुलावर वाफाळती कॉफी, खुर्चीत भूत, म्हणजे मी. बटण दाबून धरायचं काम तुझं. घड्याळ दिसत नव्हतं, तर तू म्हणालीस, हेल मेरीने मोजू. आपण दोघी खूप हसलो. हिंदू घरच्या मुली, पण शिवणाच्या तासाला मेरीची ती प्रार्थना म्हणायला लावून एका हेल मेरीत किती टाके पडतात ते सिस्टर मोजायच्या, त्यामुळे ती आपल्या बोटांतच बसली आहे. एक म्हणजे बारा सेकंद. पहिलीत मी बसायचं, दुसरीत पडद्याआड. तू मोठ्याने म्हणत होतीस. पहिली संपली, मी उठून पडद्यामागे गेले. दुसरीत शेवटच्या ओळीला, जिथे मरणघडीचं येतं, तू थांबलीस. मला वाटलं विसरलीस. सवयीने पुढचे शब्द माझ्या ओठांवर आले आणि सांगायला म्हणून मी पडद्यातून डोकावले. तू विसरली नव्हतीस. दिव्याच्या मंद उजेडात तू रडत उभी होतीस आणि बोट बटणावर तसंच दाबलेलं होतं. मी तुझ्याजवळ यायला हवं होतं. मी तिथेच उभी राहून बघत राहिले. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? रडतानासुद्धा ही किती छान दिसते.

नंतर तू डोळे पुसून म्हणालीस, फुकट गेला ना फोटो. मी हो म्हणाले. तू परत गेल्यावर तो मोठा करून पाहिला. खुर्चीत पुसटशी, निरुपद्रवी बाई कॉफीजवळ बसली आहे. आणि मागे पडद्याच्या फटीत एक चेहरा, तिच्याहून कितीतरी स्पष्ट, टक लावून बघणारा. मी आजवर इतकी भूतं केली, पण घाबरले ती पहिल्यांदा तेव्हा. त्या चेहऱ्याला मी ओळखते. नाटकाच्या दिवशीही तो पडद्यामागे तसाच असणार.

तो फोटो मी आमच्या फोटो क्लबच्या स्पर्धेला पाठवला. माझ्या नावाने. कॅमेरा माझा, खोली माझी, चेहराही माझा, अशी समजूत घालून. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आसावरी. परवा क्लबचे सेक्रेटरी मंजुनाथ यांचा फोन आला. रविवारी प्रदर्शनात विजेत्याने फोटो कसा काढला ते सांगायचं असतं. परीक्षकांनी विचारलंय, झडप इतका वेळ उघडी ठेवायचं कसं सुचलं? किती सेकंद, ते मलाच माहीत नव्हतं. कॅमेऱ्यात पाहिलं तर एक्केचाळीस. दोन हेल मेरींचे चोवीस. उरले सतरा. ते सतरा सेकंद मला सुचले नव्हते. त्यात तू भावोजींसाठी रडत होतीस, आणि मी तुझ्याकडे बघत होते.

आज सकाळी मंजुनाथना सगळं सांगितलं. ते 'सरी, ठीक आहे' म्हणाले. फोटोखालची पाटी बदलतील: छायाचित्र, आसावरी. पण त्या सतरा सेकंदांत तुझं रडणं आहे, ते भिंतीवर लावायचं की नाही हे तुझ्यावाचून कुणी ठरवू शकत नाही. तू नको म्हणालीस तर शनिवारी मी स्वतः जाऊन फोटो उतरवून आणीन. हो म्हणालीस तर रविवारी अकराला ये, मॅजेस्टिकला मेट्रो बदल, बनशंकरी स्टेशनवर मी उभी असेन. माझ्यावर रागावून आलीस तरी चालेल. बोलताना अडखळलीस तर या वेळी मी पडद्यामागे नसेन, तुझ्या शेजारी असेन. त्या दिवशी यायला हवं होतं तशी.

तुझीच, तुझा हेवा करून दमलेली,
हेमा