पानं अगदी ताजी आहेत

३ मार्च, सकाळी ७
कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी रोज वाटीभर कच्चा पाला खायला सांगितलाय. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासणार. ही आजच बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जाताना बजावून गेली की रोज थोडा आणा, त्याच दिवशी संपवा, तुमच्या हातून पाला टिकत नाही. एकतीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं.

सायंकाळी
दोन आठवड्यांचा माल एकदम आणला. लेट्यूसचे सहा गड्डे, पालक, कोथिंबीर. भाजीवालीने विचारलं, घरात कार्य आहे का. सगळं धुऊन पिशव्यांत घट्ट बांधलं. खाणं उद्यापासून. आज पाव-लोणी.

५ मार्च
पालकाचा चिखल. दोष पिशवीचा. मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, ओलाच ठेवलात ना, कोरडा करून ठेवायचा असतो. म्हटलं, माहीत होतं, खात्री करून घेत होतो.

६ मार्च, दुपारी २
कोरडं करण्याची शास्त्रीय पद्धत सापडली. उशीचा अभ्रा, आत दोन गड्डे आणि कोथिंबीर, वर गाठ, वॉशिंग मशीन, स्पिन.

दुपारी २.१०
गाठ सुटली.

सायंकाळी ६
मेकॅनिकने ड्रेन पाइपमधून कोथिंबीर काढली. जाताना विचारलं, काका, काकू कधी येणार. आवाजात काळजी होती. मशीनचीच असावी.

७ मार्च
उरलेल्यांपैकी दोन गड्डे फ्रिजच्या पार मागे, बर्फाला चिकटून. जितकं गार तितकं ताजं.

८ मार्च
काचेसारखे झाले. टेबलावर ठेवले तर तासाभरात काळं पाणी. फ्रिज जुना आहे.

९ मार्च
शेवटचे दोन. पान न् पान पंच्याने पुसलं. दीड तास. कंबर धरली. सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, पुढच्या कप्प्यात. सफरचंदं बाहेर काढली. मुलगी म्हणते त्यांच्या शेजारी पानं पिवळी पडतात.

१२ मार्च
टवटवीत. पण डबा सारखा उघडला तर हवा लागणार, म्हणून खाणं तूर्त स्थगित. दोन्ही वेळा टोस्ट-लोणी चालू आहे. हिने फोनवर विचारलं, पाला खाताय ना. म्हटलं, पानं अगदी ताजी आहेत. यात एक अक्षर खोटं नाही.

१७ मार्च
रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल आणखी वाढलंय. लॅबची काहीतरी चूक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाला कसा घेता. म्हटलं, सुती फडक्यात गुंडाळून.

१८ मार्च, दुपारी
ही आली. चपला काढायच्या आत डबा पुढे केला. तिने एक पान मोडलं. कट्‌कन आवाज आला. म्हणाली, पंधरा दिवसांचा अजिबात वाटत नाही, हे मात्र जमलं हो तुम्हाला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतकी सरळ स्तुती आठवत नाही. मग तिने मोठा वाडगा काढला, पानं चिरली, मीठ-लिंबू लावलं, माझ्यासमोर ठेवलं आणि समोरच खुर्ची ओढून बसली.

एक घास खाल्ला. मग दुसरा, शंका नको म्हणून.

मला लेट्यूस आवडत नाही.