कागदावरची पन्नाशी

मुरुड, मंगळवार, संध्याकाळ

डाळमिल बंद झाल्यापासून उन्हात काम शोधतोय. दोन ठिकाणी "पन्नाशीचा माणूस नको" म्हणाले. आज लातूरच्या मोंढ्यातल्या मुनिमांनीही आधार कार्डावरची जन्मतारीख पाहिली. एक जून. म्हणजे पुढच्या आठवड्यात पन्नास. वाटलं, संपलं.

शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ही तारीख. आई म्हणायची, तू पोळ्याच्या दिवशीचा.

मुनीम हसले, "माझीबी एक जूनच की! गुरुजींनी सारं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं बघा. वजनकाटा येतो का?"

"आयुष्य त्याच्यावरच गेलं, मुनीमजी."

"मग उद्या या. दिवसभर बघू."

अजून पक्कं काहीच नाही. तरी देवापुढे दिवा लावताना हात हलका वाटला. एक जून येऊ दे खुशाल. पोळा अजून लांब आहे, आईच्या हिशेबाने मी पन्नाशीचा झालेलोच नाही.