काँग्रेसला दिलेली मतं

आबा, आज वर्गात एका मुलीने माझी चूक काढली, आणि कित्येक वर्षांनी तुमच्या बाबतीत मला हायसं वाटलं. इथे मस्कतमध्ये, मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत मी तुमचाच विषय शिकवतो, इतिहास. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात गुलामीतून सुटलेले लोक यादवी युद्धानंतर पहिल्यांदा काँग्रेसच्या निवडणुकीत मत द्यायला निघाले, तो धडा चालू होता. सांगताना डोळ्यांसमोर आपल्या गावच्या मतदानाची रांग आली आणि मी बायकांनाही मताचा हक्क देऊन टाकला. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली की सर, बायकांना तेव्हा मत नव्हतं. वर्ग हसला. मी म्हणालो, "बस खाली." तेही मराठीत.

तुम्हीही हेच म्हणाला होतात. नववीत, याच धड्याला. गुलामांनी काँग्रेसला मतं दिली असं सांगत तुम्ही रंगात आलात, जणू तो आपल्याकडचाच पक्ष. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर तिथल्या कार्यकर्त्यांना पांढऱ्या टोप्याही घातल्या असत्या तुम्ही. मी उभा राहिलो. शाळेत तुम्हाला आबा म्हणायची बंदी होती.

"सर, काँग्रेस म्हणजे तिकडची संसद. पक्ष नव्हे."

पोरं खिदळली. त्या दिवशी आपण जेवायला बसतो. आई दोनदा आमटी वाढते, तुम्ही ताटातून मान वर करत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही भूगोल घेतलात. बापाची चारचौघांत शोभा केली, हे मी तेव्हापासून मनात धरून बसलो होतो. तुम्ही गेलात आणि विचारायचं राहूनच गेलं.

तास संपल्यावर ती मुलगी आली. तिच्या वडिलांचं इथल्याच ‘गाला’ नावाच्या भागात गॅरेज आहे. घरी मराठी, पण हिची अडखळत.

"सर, तुम्हाला राग आला? मला तुमचा इन्सल्ट नव्हता करायचा."

"खलास, विसर ते. परत चुकलो तर परत उठ."

बोलून गेलो आणि लक्षात आलं, राग आलाच नव्हता. कान तापले होते खरे, पण पोरगी मन लावून ऐकते आहे याचा आनंद जास्त होता, फक्त तो दाखवायची लाज वाटली. तुमचंही तसंच झालं असेल. आणि भूगोल तर तुम्हाला मुळातच आवडायचा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून एक सांगूनच टाकतो. आदल्या संध्याकाळी तुम्ही ओटीवर बसून धडा मोठ्याने वाचून तयारी करत होतात, तेव्हाच मी ती चूक ऐकली होती. घरी सांगता आलं असतं. मी वर्ग भरायची वाट पाहिली.