शिट्टी वाजलीच नव्हती

३ मार्च

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. पत्ता वहिनींच्या भावाकडून मिळवला. इकडे सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून गंज चढलेला नाही.

आपली वस्ती पन्नाशीची झाली. तू गेलास तेव्हा नदीच्या वाकणावर चौदा खोपटी होती. आता दोन शाळा, दवाखाना आणि भांडायला तीन कमिट्या आहेत. शाळेच्या बाई धक्क्यावरच्या फलकावर वस्तीचा इतिहास लिहून घेतायत. ओंडक्यांवरच्या शिक्क्यांवरून अक्षरं शिकलेला माणूस, म्हणून मला तपासायला बोलावलं. काय रुबाब माझा!

पेंटर लिहीत होता : ‘शिट्टीवाल्याच्या चुकीने ओंडके वाकणात अडकले. कोंडी फुटेपर्यंत थांबलेल्या मजुरांनी काठाला लागलेल्या लाकडांची घरे बांधली.’

ती ओळ मी दोनदा वाचली.

दादा, त्या सकाळी वाकणावरून तू शिट्टी वाजवलीच नव्हतीस. वरच्या डोहात ओंडके अडवून धरणाऱ्या साखळीवर मी होतो. खाली वाट मोकळी असल्याची तुझी शिट्टी आली की दहा ओंडके सोडायचे, पुन्हा थांबायचं. पण लग्नाला आठवडाही झाला नव्हता, मला घरी जायची घाई. साखळीच काढली. सगळं जंगल एकदम खाली आलं.

मी धावत वाकणावर आलो, तोच मुकादम ओरडला, "शिट्टी कुणी दिली?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी."

"मग आधी ही कोंडी फोड, आणि गाशा गुंडाळ."

तीन महिने बाकीचे हात टेकून होते. तू मात्र रोज काठावर उकिडवा बसून त्या ढिगाकडे बघायचास. मग एका दुपारी ओंडके ओढायची लांब दांड्याची आकडी घेऊन आत शिरलास, नेमका एकच ओंडका ओढलास, आणि सुटलेल्या लाकडांवरून जिना उतरावा तसा पळत काठाला आलास. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आणि त्याच संध्याकाळी मी तुला जाऊ दिलं.

पेंटरला म्हणालो, "ब्रश ठेव खाली." सगळ्यांदेखत खरं सांगितलं. तुझी भावजय म्हणाली, "पन्नास वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि हे आत्ता सांगताय?" दोन दिवस बोललेली नाही. बरोबरच आहे तिचं.

आता फलकावर आहे : साखळी माझी, कोंडी फोडली तू. बाईंनी विचारलं, "फलक उघडायला येतील का हो ते?"

"येतील," म्हणालो.

दादा, माझ्यासाठी तू एकदा खोटं बोललास. आता मला खोटं पाडू नकोस.

तुझा अपराधी, तरी तुझाच,
धाकटा